डब्याची पायरी

"अजून चार इंच खाली पाहिजे," वंदना म्हणाली आणि तिने पायरीवरचा पाय मागे घेतला.

सुशीलरावांनी कपाळाला हात लावला. कामठी रोडवरच्या संघपाल मिस्त्रीच्या गॅरेजात त्यांची ही सातवी खेप. पिकअपच्या पाठीवर राहण्याचा डबा बसवलेला, आत दोघांच्या झोपण्याची सोय, शेगडी, पाण्याची टाकी. उमरेडच्या खाणीच्या ऑफिसात चौतीस वर्षं फायली सरकवल्यावर माणसाने जरा फिरावं, बायकोलाही फिरवावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि बायको पायरीवरच अडून बसली होती.

तसं कारणही होतं. दिवाळीनंतरच्या पहिल्याच फेरीत, खाप्याजवळ कन्हानच्या काठी, चहाचे दोन कप घेऊन उतरताना वंदनाचा पाय सटकला. सुशीलराव खाली खुर्ची टाकून नदी पाहत बसले होते. पायरी गुडघाभर उंच, धरायला काही नाही. मनगट मोडलं आणि दीड महिना हात प्लास्टरमध्ये राहिला. "पाहून उतराले काय होते तुले," एवढंच ते त्या वेळी बोलले होते. ते बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर पुष्कळदा वाटलं. पण चुकलो म्हणायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती, म्हणून त्यांनी डबाच दुरुस्तीला टाकला.

तेव्हापासून काम सरता सरत नव्हतं. ओढून खाली येणारी पायरी केली, तर वंदनाचं म्हणणं, ती एका हाताने ओढता आली पाहिजे. दाराशी दोन दांडे बसवले, तर ते घामाच्या हातातून निसटतात, म्हणून त्यांवर रबर चढवलं. मग वळणावर गाडी डोलते हे निघालं. संघपालने टपावरची टाकी खाली घेतली, जड बॅटऱ्या चाकांच्या मध्ये आणल्या, चाकांवरच्या कमानपाट्यांत एकेक पोलादी पान वाढवलं. तेवढ्याने भागलं नाही. सिलिंडर उचलवत नाही, तो सरकत बाहेर यावा. दाराला आतून भक्कम कडी हवी. मागचं नीट दिसत नाही, आरसे मोठे लावा.

सुशीलरावांच्या नाकी नऊ आले. भर उन्हात गॅरेजच्या बाकड्यावर बसून त्यांची पाठ धरायची. शेवटी कंटाळून ते म्हणाले, आता तूच जात जा आणि तूच पाहत जा. शाळेत शिकवायला होती तोवर ती रोज स्वतःची छोटी गाडी चालवत जायची, तिला यातलं अगदीच कळत नाही असं नव्हतं. मग ती दर दोन दिवसांनी स्कूटी काढून एकटीच गॅरेजात जाऊ लागली.

फक्त एकदा त्यांना तिची तक्रार गोड लागली. स्टिअरिंग फार जड आहे, ते बदलून घ्या, असं तिनं काढलं. "तुमचा खांदा दुखून राहते ना," ती म्हणाली. सुशीलरावांना गहिवरून आलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी हलकं स्टिअरिंग बसवायला सांगितलं.

आणि आता पुन्हा हे चार इंच. वंदना हात धुवायला नळाकडे गेली तेव्हा त्यांनी संघपालला बाजूला घेतलं.

"मले खरं सांग गा. हे बाई जाणार आहे का नाही? का नुसते बहाणे करून राहिली? एकट्यानं फिरून काय करू मी?"

संघपालने चिंध्यांना हात पुसले. बराच वेळ पुसले.

"ताई जाते, साहेब," तो म्हणाला. "पक्कं जाते."

पुढच्या आठवड्यात पायरी खाली आली. वंदना दोन्ही हातांत भांडी घेऊन तीनदा चढली, तीनदा उतरली आणि बरोबर झालं म्हणाली. सुशीलरावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी संघपालला मिठीच मारली. पचमढीचं ठरलं. गॅरेजातूनच निघायचं म्हणून दोघांच्या बॅगा आदल्या दिवशी डब्यात गेल्या. निघायच्या दिवशी वंदना सकाळीच स्कूटीने पुढे आली आणि आत सामान लावत बसली. सुशीलराव दहाच्या सुमारास ऑटोने पोचले.

गाडी गॅरेजातून निघायची म्हणजे नारळ आलाच. संघपालने चारी चाकांखाली लिंबं ठेवली, बोनेटवर हळदकुंकू लावलं. सुशीलराव चावी घेऊन गाडीत बसणार, तोच वंदनाने त्यांच्या हातात नारळ दिला.

"हा तुम्हालेच फोडा लागते. तुमच्या घरी बायकांच्या हातचा चालत नाही," ती म्हणाली. "द्या चावी. लिंबावरून मी काढते."

खरंच होतं. बाईने नारळ फोडायचा नाही, हा त्यांच्या आईचा दंडक त्यांनी कसोशीने पाळला होता, आणि तो बायकोच्या लक्षात आहे याचं त्यांना बरं वाटलं. त्यांनी चावी दिली. फाटकाजवळच्या दगडावर नारळ आपटला, पाणी चाकांवर शिंपडलं आणि ते बाजूला झाले.

लिंबं चिरडली. गाडी अलगद फाटकाबाहेर पडली आणि जराही न डोलता मोठ्या रस्त्याला वळली. काय वळली, सुशीलराव संघपालला म्हणाले, आणि त्यांनी खोबऱ्याचा तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. मग दोन्ही करवंट्या हातात धरून ते फाटकात उभे राहिले. दहा मिनिटं झाली. पुढे रस्ता खोदलेला असेल, गाडी वळवायला लांब जावं लागलं असेल, ते म्हणाले.

संघपाल हातातल्या खोबऱ्याकडे पाहत होता.

"साहेब, तुमची बॅग ऑफिसात ठेवून आहे," तो म्हणाला. "ताईनं सकाळीच उतरवाले लावली."