मुदत पाचपर्यंत

लॉ कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत उत्पला पहिली होती. शेवटच्या फेरीची मुदत आज पाचला संपणार होती. तोवर कुणी एकाने प्रवेश रद्द केला, तर तिचा नंबर लागणार होता. तिची शाळेपासूनची मैत्रीण देवयानी दिल्लीच्या कॉलेजात जाणार होती आणि इथली जागा सोडणार होती. म्हणून उत्पला तीनलाच तिच्या घरी येऊन बसली.

“एक बटण तर दाबायचंय,” देवयानी म्हणाली. मग तिने दिल्लीला न्यायचे कपडे एकेक उलगडून दाखवले. साडेचारला उत्पलाने चाचरत आठवण करून दिली. देवयानीला दुखावून चालणार नव्हतं.

“बस गं निवांत. चहा येतोय.”

चहा संपला तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती. मग देवयानीने लॅपटॉप उघडून प्रवेश रद्द केला.

“आता ती जागा रिकामीच राहील,” उत्पला कशीबशी म्हणाली.

“राहू दे. दहावीला तुला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त पडले, तेव्हा आई महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती.” देवयानीने हे अगदी शांतपणे सांगितलं आणि कप उचलले.

तेवढ्यात तिची आई बाहेर आली. “झालं का गं उत्पला तुझं काम? सकाळीच हिला म्हटलं, उरकून टाक. तर म्हणाली, ती आल्यावर तिच्यासमोरच करते. फार जीव आहे हिचा तुझ्यावर.”

“झालं, काकू,” उत्पला म्हणाली. दारातच काढलेल्या चपला तिला बराच वेळ सापडल्या नाहीत.