चारपैकी अडीच

नोर्बेर्तो फुर्तादोनं लेकीच्या समोरचा लॅपटॉप धाडकन मिटला. तिची बोटं थोडक्यात वाचली.

"अहो बाबा! आज शेवटचा दिवस आहे. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचाय."

"कुणाला कळवत होतीस?"

"जवळच्या कॉलेजला. रोज घरून जाता येईल."

त्याचा उजवा खांदा पट्ट्यात बांधलेला होता. डावा पंजा त्यानं झाकणावर तसाच ठेवला.

ओदिलिया सव्वीस वर्षांची होती. कॉलेजच्या चार वर्षांत तिच्या मार्कांची सरासरी चारपैकी अडीच. नोर्बेर्तो ते कुणापासून लपवत नसे. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदराच्या धक्क्यावर, तो काम करायचा त्या शिंपल्या काढणाऱ्या बोटीवर, जिथं विषय निघेल तिथं तो हसून सांगायचा, "आमची पोर मनानं सोनं आहे, पण अभ्यासाचं नि तिचं जन्माचं वाकडं." त्यात राग नसे. बापानं मुलीला आहे तसं स्वीकारलं होतं.

मग तिनं वकिलीची प्रवेश परीक्षा दिली आणि एकशे ऐंशीपैकी एकशे त्र्याहत्तर मिळवले.

झुल्मिरा आत्या केक घेऊन आली. केक कापायच्या आधीच म्हणाली, "म्हणजे डोकं होतं की गं! इतकी वर्षं आळस नडला म्हणायचा."

सगळे हसले. ओदिलियाही हसली. तिच्याजवळ उत्तर होतं, पण ते आईदेखत देण्यासारखं नव्हतं आणि आई समोरच शाल गुंडाळून बसली होती. डोकं नव्हतं तोवर तिला सगळ्यांनी माफ केलं होतं. आता हुशार निघाली, तर ती गुन्हेगार ठरली.

अडीच बघून वकिलीच्या बहुतेक कॉलेजांनी नकार दिला. दोन उरली. एक जवळचं, ज्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. दुसरं दूर नेब्रास्का राज्यातलं, नावाजलेलं. त्यांनी परीक्षेतल्या मार्कांवर तिची सगळी फी माफ केली होती. गेल्या आठवड्यात ती ते बघूनही आली. ती परतली तेव्हापासून नोर्बेर्तो तिच्याशी धड बोलत नव्हता. आत्याचं आळसाचं बोलणं त्याला उशिरा का होईना पटलं आणि म्हणून तो रागावलाय, असं ओदिलिया समजून चालली होती.

"बाबा, हात काढा. रागवायचं असेल तर नंतर रागवा."

"नेब्रास्काला जा."

"तिथं सगळे चारपैकी चारवाले असतात. मला एक सकाळ बरी गेली, एवढंच. बाकी चार वर्षांत मी काय दिवे लावलेत ते कागदावर आहेच. त्यांना महिन्याभरात कळेल."

नोर्बेर्तो खुर्ची ओढून बसला. बोटीवर फार बोलावं लागत नाही, त्यामुळे शब्द शोधायला त्याला वेळ लागला.

"तू तिकडे होतीस तेव्हा तुझ्या आईला डायलिसिसला मी नेलं."

"माहितीय."

"पहिल्यांदाच नेलं. एवढी वर्षं मी समुद्रावर होतो. हा खांदा निखळला नसता तर याही वेळी असतो." तो झाकणाकडे बघत बोलत होता. "नर्स म्हणाली, ही ओदिलियाची खुर्ची, बसा इथं. तुझी खुर्ची आहे तिथं! ते मशीन मधूनमधून ओरडतं. नर्स इंग्रजीत काही विचारते, तुझ्या आईला कळत नाही. ती पोर्तुगीजमध्ये काही सांगते, नर्सला कळत नाही. मी आपला इकडचं तिकडे करत बसलो. येताना तिला गाडीत उलटी झाली. तिला आणून झोपवलं आणि मी बुटांसकट जमिनीवर आडवा झालो. मी, पोरी! वादळात रात्र रात्र उभा राहिलेला माणूस." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "आणि तू आठवड्यातून तीनदा हे करून मग वर्गात जायचीस."

"रोज नाही जायचे," ओदिलिया हळूच म्हणाली. "म्हणून तर अडीच."

"त्या परीक्षेच्या दिवशी?"

"त्या दिवशी आईचं डायलिसिस नव्हतं. फोनही बंद करून आत ठेवायचा असतो."

"म्हणजे तो आकडा तेवढा तुझा," नोर्बेर्तो म्हणाला. "हे अडीच तुझे नाहीत, पोरी. ते आमचे आहेत. माझे."

इतकी वर्षं तिनं स्वतःलासुद्धा हे असं सांगितलं नव्हतं.

"खांदा बरा झाला की तुम्ही परत बोटीवर जाणार," ती म्हणाली. "मग तिला कोण नेणार?"

"झुल्मिरा..."

"आत्याला गाडी चालवता येत नाही."

"मग आपला तो..." त्यानं एक नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. "ठाऊक नाही," तो म्हणाला. "खरंच ठाऊक नाही. तू जा."

त्यानं झाकण उघडलं. ओदिलियानं नेब्रास्काचं पत्र उघडून पडद्यावरचा बाण होकाराच्या बटणावर नेला. बोट खाली जाईना. नोर्बेर्तोनं आपला पंजा तिच्या हातावर ठेवला, दाबला, आणि होकार गेला. नंतर त्यानं तो हात उचलला नाही, तिनंही काढून घेतला नाही.

आतल्या खोलीतून आईची हाक आली, "ओदिलिया, उद्या डायलिसिसला किती वाजता निघायचं गं?"