पावातलं बाळ

सत्त्याण्णवचा जानेवारी. आखातातल्या रोल्ला भागातल्या फ्लॅटमध्ये समिधा आणि शेजारची मेक्सिकन मार्ता दार लोटून, कुजबुजत गोड पाव भाजत होत्या. गावाहून आलेल्या ठकुबाईंच्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं झाली, सुनेचा पाळणा हलत नव्हता, आणि ही परकी बाई ऊठसूट घरात!

मार्ता गेल्यावर समिधानं कड्यासारख्या त्या पावाचा तुकडा सासूबाईंना दिला. दाताखाली कडक लागलं. बोटाच्या पेराएवढं, चिनी मातीचं पांढरं बाळ!

करणीच ती! ठकुबाईंनी सुनेच्या पाठीमागून मीठ-मोहरी ओवाळली आणि बाळासकट सगळं खाली कचऱ्याच्या पिंपात टाकून आल्या.

“आई, पावात काही सापडलं का हो?” समिधा लाजत म्हणाली. “मार्ताकडे सणाच्या पावात बाळ लपवतात. तुमच्या तुकड्यात मीच मुद्दाम घातलं होतं. तोंडानं सांगायचा धीर होईना... मला दिवस गेलेत.”

खाली कचऱ्याची गाडी घरघरली.



ठकुबाई अनवाणीच जिना उतरत ओरडल्या, “ओ गाडीवाले, रुको! उसमें हमारा बाळ है!”