वाचतंय कोण?

"सभासदत्व सोडायच्या पानावर 'सोडा' हे बटण फिकट राखाडी कर आणि 'राहू द्या' हिरवंगार," अमेरिकेत ओमाहा शहरातल्या एका जिमचा मालक ड्वेन म्हणाला. "बाकी सगळीकडे हिरवं म्हणजे 'पुढे चला'. लोकांची बोटं सवयीने तिथेच जातात. वाचतंय कोण?"

"ही शुद्ध लबाडी आहे, ड्वेन," वेबसाइट सांभाळणारी लोरेटा उसळली. "एका रंगाचा एकच अर्थ असतो. तो असा मध्येच फिरवायचा नसतो."

"तुला रंग भरायला ठेवलंय, अक्कल शिकवायला नाही."

"बरं. मग आपल्या प्रत्येक पानावर हाच नियम लावते. जायचं ते राखाडी, राहायचं ते हिरवं. निदान सगळीकडे सारखं तरी राहील."

"लाव कुठे लावायचा तिथे! आणि तोंड बंद ठेव."

तिने नियम लावला आणि तोंडही बंद ठेवलं. पण मालकाला लबाड म्हणणारी बाई ड्वेनच्या डोक्यात गेली होती. तिचा वर्षाचा करार त्याच आठवड्यात संपत होता. शुक्रवारी त्याने कर्मचाऱ्यांचे करार संपवायचं-वाढवायचं पान उघडलं, लोरेटाचं नाव निवडलं आणि "आता उतरवतो तुझा माज" असं पुटपुटत झोकात हिरवं बटण दाबलं.



पलीकडच्या टेबलावर लोरेटाचा फोन वाजला: "अभिनंदन! मालकांनी तुमचा करार आणखी एका वर्षासाठी वाढवला आहे."