चाकं खाली

सकाळी चाकं पुन्हा खाली आली होती.

फिटर चहाचा कप हातात धरून बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यातच थांबला. काल संध्याकाळी त्याने स्वतः ती विमानाच्या पोटात नेली होती. खटका बसल्याचा आवाजही ऐकला होता. आता लाकडी घोड्यांवर टेकवलेल्या विमानाखाली दोन्ही चाकं लोंबत होती.

"तुझं विमान तुझ्यावरच गेलंय," अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली. "पाय आखडून बसता येत नाही त्याला."

फिटर हसला नाही. त्याने कप खाली ठेवला, चष्मा लावला आणि स्प्रिंग काढायला घेतली.

विमान लढाऊ होतं, एकाच पायलटच्या जागेचं. खऱ्याच्या पाव आकाराचं, तरी पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचले होते. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर फिटरने ते करायला घेतलं. सांगाडा लाकडाचा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, पत्र्यावर मुगाच्या दाण्याएवढे रिबीट. पायलटच्या जागेत बोटभर खटका होता. तो दाबला की चाकं आत जायची, पुन्हा दाबला की बाहेर यायची.

लढाईत अक्काचा नवरा असलंच विमान चालवायचा. एका सकाळी गेला तो आलाच नाही. विमान सापडलं नाही, तोही सापडला नाही. बेपत्ता, एवढंच कळलं. अक्का एक ट्रंक घेऊन भावाकडे राहायला आली. तिने खाट टाकली ती बाहेरच्या खोलीत, दाराला लागून. दाराला मात्र ती कधी कडी लावू देत नसे.

"माझी हत्यारं जातील एखाद्या दिवशी," फिटर कुरकुरायचा.

"तुझ्या झिजलेल्या कानशी कोण नेतोय?" अक्का म्हणायची. दार नुसतं लोटलेलं राहायचं.

विमान वाढत गेलं तशी अक्काची खाट स्वयंपाकघरात गेली. ती विमानाबद्दल काही बोलली नाही. फिटरनेही विचारलं नाही. आधी धीर झाला नाही. मग इतके दिवस उलटले, की आता काय विचारायचं, असं होऊन गेलं. ती रोज विमानाखालचा भुसा झाडायची आणि आपल्या कामाला लागायची.

वाचनालयाने नवा हॉल बांधला. चिटणीस येऊन विमान बघून गेले. हॉलच्या छताला टांगू म्हणाले. "फक्त एक करा. उडतंय असं वाटलं पाहिजे. चाकं आत घ्या."

त्यात काय, फिटर म्हणाला होता. सगळा जन्म त्याने हेच केलं होतं. पण त्या दिवसापासून संध्याकाळी आत गेलेली चाकं सकाळी बाहेर यायची. त्याने स्प्रिंग बदलली. खटक्याचा दात घासून नवा केला. मग तो दातच काढून दुसरा घडवला. आधीचाही चांगला होता, पण चांगल्या-वाईटावरचा त्याचा भरवसाच उडाला होता. कारखान्यात नवी पोरं त्याच्या हाताखालून गेलेला भाग पुन्हा तपासत नसत. आता त्याचा त्यालाच तपासावा लागत होता.

आजही त्याने सगळं खोललं, पुसलं, जोडलं. दुपार झाली. चाकं आत गेली आणि आतच राहिली. तो समोर बसून राहिला. चाकं हलली नाहीत. तरी त्याला बरं वाटलं नाही. उद्या सकाळी काय दिसणार ते त्याला ठाऊक होतं.

त्याने करवत उचलली.

"काय करतोस?" अक्काने विचारलं.

"मोडतो. चिटणिसांना नाही म्हणून कळवतो. हात गेले माझे, अक्का. वीतभर पाय धरून ठेवता येत नाहीत, तर टांगायचं काय? तुझी खाट तरी बाहेर येईल."

अक्का पदराला हात पुसत आली. तिने त्याच्या हातातली करवत काढून घेतली. मग वाकून पायलटच्या जागेत बोट घातलं आणि खटका दाबला. चाकं अलगद खाली आली.

"हात शाबूत आहेत तुझे," ती म्हणाली.

फिटर तिच्याकडे बघत राहिला. "रोज तूच?"

"रोज."

"अगं, पण का?"

अक्का पंखाच्या कडेला टेकली. "चाकं आत असली की हे वरच राहतात रे. इतकी वर्षं झाली. दमले असतील."

तिच्या तोंडून 'हे' त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याने रिबीटांचा डबा ओढला, हातोडी घेतली आणि दोन्ही पाय होते तसे पक्के करून टाकले.

दुसऱ्या दिवशी चिटणीस हमाल घेऊन आले. पंख सुटे करून झाल्यावर त्यांचं लक्ष खाली गेलं.

"अहो, चाकं खालीच? उडताना चाकं खाली असतात होय?"

"उडत नाही ते," फिटर म्हणाला. "उतरतंय."

चिटणिसांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा दारात उभ्या असलेल्या अक्काकडे. मग ते हमालांवर खेकसले, "अरे, चाकं सांभाळा!"

विमान गेलं. खोली एकदम मोठी झाली. फिटरने अक्काची खाट बाहेर आणली आणि दाराजवळ ठेवायला लागला.

"तिथे नको," अक्का म्हणाली. "खिडकीशी लाव. वारा येतो."

त्याने खाट खिडकीशी लावली. दिवस मावळला. तो हत्यारं पुसत बसला होता. दाराशी काहीतरी करकरलं म्हणून त्याने मान वर केली.

"जरा तेल दे रे," अक्का म्हणाली. "कडी सरकत नाहीये."