विहीणबाईंचा ओढा

डोंगरावरची झाडं तोडायचा ठेका घेतला, त्याच दिवशी खाली ओढ्याकाठी राहणाऱ्या विहीणबाईंनी ठेकेदाराला ऐकवलं होतं, “लाकडं तुमची, आणि चिखल आमचा!” त्याची लेक त्यांच्याच घरात नांदत होती. मग ओंडके ओढून सोललेल्या उतारावर त्याने पाणी अडवायला आडवे चर खणले. तोड संपून मजूर गेले, तरी प्रत्येक सरीनंतर तो फावडं घेऊन चरांतला गाळ उपसायला जायचा.

“डोंगराची हजामत झाली, आता मालिश कशाला?” बायको हसायची.

आज सकाळपासून आभाळ फाटलं होतं. गुडघाभर चिखलात उभा राहून तो चरात तुंबलेला पाला ओढत होता, तेवढ्यात प्लास्टिकच्या पिशवीतला फोन वाजला. विहीणबाई! त्याने पिशवीसकटच फोन कानाला लावला.

“काय हो व्याही, इथं नुसता धो धो कोसळतोय. तुमच्या डोंगरावर थेंबसुद्धा नाही वाटतं?”

“का हो?”

“अहो, ओढ्याचं पाणी इतकं नितळ, की तळाचा गोटा न् गोटा दिसतोय!”

नाकावरून ओघळणारं पाणी पुसत तो म्हणाला, “नाही हो विहीणबाई. इथं कडकडीत ऊन पडलंय.”