नरकापुढची आलीद

आमच्या गावच्या चर्चमध्ये एका भिंतीवर स्वर्ग काढून झाला होता आणि समोरच्या भिंतीवर गोसेन चित्रकार नरक रंगवत होता. माणसं गिळणारे पक्षी, बेडकाच्या तोंडाचे सैतान, कढईत उकळणारे पापी. बायका डोळ्यांवर हात धरून पुढे जायच्या. सूत कातणारी आलीद मात्र रोज प्रार्थना संपली की चित्राला नाक टेकवून उभी राहायची आणि एकेक चेहरा निरखायची.

"गोसेन, तुझ्या नरकाला गिऱ्हाईक मिळालं बघ!" घंटा वाजवणारा याकोब हसला.

गोसेनला मात्र चैन पडेना. एके दिवशी शिडीवरून उतरून त्याने विचारलंच, "काकू, भीती नाही वाटत?"

"वाटते रे. पण माझ्या मुलानं, वाउटरनं, नदीत जीव दिला. पाद्रीबाबा म्हणतात, तो नरकातच गेला. म्हणून शोधतेय. एवढे सगळे काढलेस, त्याला कुठं ठेवलंस?"

गोसेनने विचारलं, "केस कसे होते त्याचे?"

"तांबूस. आणि कपाळावर भोवरा."

 

गोसेनने शिडी उचलली आणि पाद्रीबाबांच्या डोळ्यांदेखत स्वर्गाच्या चित्राला लावली.